ट्रकची ताकद वाढवण्याचे खूळ



गळीत हंगाम जवळ आला की वाहतूकदार सभासदांच्या गाड्या गॅरेजला लागतात. पाटे, ब्रेक, टायर ही कामे व्हायलाच हवीत. पण अलीकडे नवेच खूळ शिरले आहे. लॅपटॉप जोडून इंजिनाचा प्रोग्राम बदलायचा, एअर फिल्टरची मूळ पेटी काढून उघडा फिल्टर बसवायचा आणि सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप. तिन्ही एकदम केले की भरली गाडी चढाला उडते म्हणे!

शास्त्र खोटे नाही. डिझेल जास्त सोडले तर ते जळायला हवाही जास्त लागते, आणि धुराला मोकळी वाट लागते. नुसते डिझेल वाढवले तर ते अर्धवट जळते, काळा धूर निघतो, इंजिन तापते नि पैसा नळीवाटे आभाळात जातो. पंपाचा स्क्रू फिरवणारे जुने मिस्त्री हेच करायचे. तेव्हा तिन्हींचा मेळ हवा, हे बरोबरच.

पण आपली गाडी फडात शिरते. तिथला फुफाटा तुम्हाला सांगायला नको. कमी प्रतीच्या उघड्या फिल्टरातून बारीक माती आत गेली की रिंगा-लायनर घासतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागते. क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक मात्र तेच जुने. वर ताकद आली म्हणून दोन टन ऊस जादा टाकायचा मोह! दहाचाकी गाडीची मर्यादा २०१८ पासून मालासह २८.५ टन आहे, ती इंजिन बदलल्याने वाढत नाही.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांत तर काजळी अडवणारा फिल्टर आणि युरियाच्या पाण्याची यंत्रणा धुराच्या वाटेतच असते. सरळ पाइप म्हणजे ती उखडणे. वॉरंटी गेलीच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उचल फेडायची की दंड भरायचा?

त्यापेक्षा फिल्टर वेळेवर बदला. टर्बोचे होज नि क्लिपा तपासा. हवा तिथे गळत असेल तर गेलेली ताकद तिथेच सापडते. नोझल तपासून घ्या, टायरात हवा पुरती ठेवा. केनयार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करा, तासन्‌तास धडधडत ठेवू नका.

एक मागणी शेती खात्याकडेही आहे. वाहतुकीचा करार करताना कागदांबरोबर गाडीचा सायलेन्सरही पाहा. रात्री दोन वाजता या गाड्या ज्या गावांतून जातात, तिथेही आपलेच सभासद झोपलेले असतात.