गृहपाठ कोणाचा – मुलाचा की आईचा?



शाळा सुरू होऊन रुळल्या की तुमच्या पत्रांचा विषय दरवर्षी बदलतो. लोणच्यावरची बुरशी आणि न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास मागे पडतो आणि एकच विचारणा पुन्हा पुन्हा येते : पहिली-दुसरीतल्या मुलांना देतात तो गृहपाठ फार कठीण असतो का? की आमचंच मूल मागे आहे?

पहिला प्रश्न शाळेबद्दलचा आहे. दुसरा आईच्या काळजातून आलेला आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. सहा-सात वर्षांचं मूल वही उघडल्यावर चुळबुळ करतं, चारदा पाणी प्यायला उठतं, शेवटी रडतं. तेवढ्यावरून ते मागे आहे असं मुळीच समजू नका. पुष्कळदा त्याच्यापुढे ठेवलेलं कामच त्याच्या वयाला न पेलणारं असतं.

हाताचंच बघा ना. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती नुसती कूर्चा असते. एकेक करत ती घट्ट होत जातात आणि शेवटच्या हाडाला साधारण नऊ-दहा वर्षं, कधी त्याहूनही अधिक लागतात. बोटांची ताकदही अजून वाढत असते. अशा हाताला ‘एक ते शंभर तीनदा लिहून आणा’ म्हटलं, की पन्नाशीच्या आतच अक्षर ढासळतं. आपण म्हणतो, “आळशी झालाय नुसता!” पण त्या बिचाऱ्याचा हात दुखत असतो.

मराठी आकड्यांची अडचण तर आपण मोठ्या झालो की विसरूनच जातो. ‘सत्तावीस’ म्हणताना कानावर आधी सात येतो, मग वीस; लिहायचे मात्र आधी दोन आणि मग सात. मूल ऐकेल तसं लिहितं – ७२. ‘एकोणतीस’मध्ये त्याला तीस ऐकू येतात, पण लिहायचे २९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशा वाचनाची रीत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? विधानसभेपर्यंत विषय गेला. पाठ्यपुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलं अडखळतात, म्हणून ही सोय. ती रीत तुम्हांला आवडो न आवडो, गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंनाही जी अडचण खरी वाटली, ती आपल्या सोनूला आली तर त्यात नवल काय?

आता घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं ऐकू. सासूबाई म्हणतात, “आम्ही तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी सगळं पाठ करायचो. हल्लीच्या पोरांना काय झालंय?” त्यांचं खोटं नाही. पण तो अभ्यास कसा होता ते जरा आठवून बघायला सांगा त्यांना. तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोती व्हायची आणि मग परवचा. सगळी भावंडं एकत्र, तोंडी, एका सुरात. थोडक्या वेळात आटोपायचं. धाकट्याला येत नसलं तरी मोठ्यांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळून जायचा. आईला त्यासाठी चूल सोडून बसावं लागत नसे. पाढे अवघड होते, पण ते म्हणायची रीत मुलाला झेपणारी होती.

त्या रीतीवरूनच मी तुम्हांला एक साधं माप सुचवते. लहान मुलाचा गृहपाठ म्हणजे, एकदा समजावून दिल्यावर त्याचं त्याला जमेल आणि चौघांच्या पोळ्या लाटून होईपर्यंत संपेल एवढं काम. पोळ्या झाल्या, भाजी झाली, ताटं घेतली तरी वही उघडीच असेल, तर तो गृहपाठ जास्त झाला. तुम्ही शेजारी ठाण मांडून बसल्याशिवाय एक ओळही होत नसेल, तर तो त्याचा राहिलाच नाही, तुमचा झाला!

हे माप मी मनानेच काढलं असं नका समजू. मालगुडीच्या गोष्टी लिहिणारे आर. के. नारायण राज्यसभेत खासदार होते. १९८९ साली तिथे केलेल्या पहिल्याच भाषणात ते बोलले ते लहान मुलांच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीचा अहवाल १९९३ साली आला. त्यात एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे : दप्तराच्या वजनापेक्षा, न समजलेल्या अभ्यासाचं ओझं मुलाला अधिक घातक असतं. प्राथमिक वर्गांना घरी लिखाणाचा अभ्यास देऊच नये, फार तर घरात-अंगणात बघून शोधून आणण्यासारखं काही द्यावं, असंही त्या समितीचं मत होतं. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या शालेय दप्तर धोरणात तर आकडेच दिले आहेत. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आठवड्याला दोन तास, बरं का! पुष्कळ घरांत तिसरीतलं मूल सोमवारी-मंगळवारीच तेवढं संपवून बसतं.

आणि एवढं करून पदरात काय पडतं? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र तपासून २००६ साली निष्कर्ष मांडला. मोठ्या मुलांच्या बाबतीत गृहपाठ आणि परीक्षेतलं यश यांचा संबंध दिसतो, पण लहान वर्गांत तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे ज्या वयात आपण सर्वांत जास्त रडारड सोसतो, त्याच वयात तिचा उपयोग सर्वांत कमी!

इंग्रजी माध्यमात मुलं घातलेल्या मैत्रिणींची व्यथा आणखी वेगळी. स्वतः मराठी शाळेत शिकलेली आई पहिलीच्या पुस्तकापुढे अवघडून बसते. मूल फटकन म्हणतं, “तुला नाही येत, आई.” ते शब्द फार लागतात हो. मग पहिलीपासून शिकवणी लावली जाते. पण थांबा. अशा वेळी मुलालाच सांगा, “आज बाईंनी काय शिकवलं ते मला मराठीत सांग.” त्याला सांगता आलं तर त्याला कळलं आहे, भाषा हळूहळू येईल. सांगता आलं नाही, तर दहादा इंग्रजीत लिहूनही ते कळणार नाही. हे ओळखायला इंग्रजी लागत नाही, आई असणं पुरतं.

प्रकल्प नावाच्या प्रकरणाबद्दल थोडंच बोलते. रात्री साडेनऊला “उद्या चार्ट पेपर न्यायचाय” असं ऐकून ज्यांना धाप लागते, त्यांना निराळं सांगायला नको. आईने रात्री जागून केलेला ज्वालामुखी वर्गात पहिला येतो आणि मूल त्यातून एवढंच शिकतं, की आपल्याला जमत नाही ते आई करते. वाकडंतिकडं का होईना, त्याच्या हातचं जाऊ द्या. बाईंनाही खरं काय ते कळेल.

मग करायचं काय? शाळेशी भांडायला जाऊ नका. बाईंच्या वर्गात चाळीस-पन्नास मुलं असतात. शिवाय खरं बोलायचं तर, “या शाळेत अभ्यासच देत नाहीत” अशी तक्रार करणाऱ्याही आपल्यापैकीच असतात. शाळा पालकांचं तोंड बघूनच वह्या भरून घेते. तेव्हा ठरलेली वेळ संपली की वही बंद करा आणि दैनंदिनीत दोन ओळी लिहा : “आज अर्धा तास मनापासून अभ्यास केला. वीसपर्यंतच्या बेरजा जमल्या, हातच्याच्या जमल्या नाहीत. कृपया वर्गात पुन्हा समजावून द्याव्यात.” यात आरोप नाही, माहिती आहे. बहुतेक बाईंना ती हवीच असते. गृहपाठ तुम्हीच पुरा करून पाठवलात, तर मुलाला काय येत नाही हे त्यांना कळणार तरी कसं?

ही दैनंदिनी रोज तुम्हीच भरली पाहिजे असंही नाही. सहीपुरते वडील नकोत. आठवड्यातून दोन दिवस वही त्यांच्याकडे सोपवा. नोकरी करून सातला घरी येणाऱ्या मैत्रिणींनी तर हे ठरवूनच टाकावं. आणि आईंच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आमच्या चिंगीचं केव्हाच झालं’ असं कुणी लिहिलं, तर ते वाचून आपल्या चिंगीकडे डोळे वटारू नका. तिचं कुणी करून दिलं ते तिथे लिहिलेलं नसतं.

एक सावधगिरी मात्र हवी. फळ्यावरचं उतरवून घेताना नेहमी चुकत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. हाका मारल्या तरी लक्ष जात नसेल तर कान. सहा-सात वर्षांपर्यंत एखादं अक्षर उलटं निघालं तर काळजी नको. पण तिसरीतही वाचताना सारखं अडत असेल, तोंडी सगळं येऊन लिहिताना काहीच उतरत नसेल, तर मारझोड न करता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या. वाचन-लेखनाच्या अशा अडचणींवर वेळीच मदत मिळाली की फरक पडतो.

घरी मुलाला शिकवायचंच नाही का? जरूर शिकवा, पण वहीशिवाय. वाण्याच्या यादीतले आकडे त्याला वाचू द्या. शेंगदाण्यांचे दहा-दहाचे ढीग घालू द्या; त्यातच त्याला सत्तावीसमधले वीस आणि सात डोळ्यांनी दिसतील. निजताना एक गोष्ट वाचून दाखवा. दिवसभरात आपल्या वाट्याला मूल येतं ते संध्याकाळचे दोन-तीन तास. ते सगळे “लिही, खोड, पुन्हा लिही” यातच गेले, तर उद्या मोठं झाल्यावर त्याला आपण आठवू त्या खोडरबर घेऊन बसलेल्या बाई म्हणून.

या आठवड्यात एवढंच करा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज दोन आकडे टिपा : मूल किती मिनिटं बसलं आणि त्यातली किती त्याने एकट्याने काम केलं. महिना झाला की ते पान घेऊन पालकसभेला जा. आणि जाण्याआधी आकडे मलाही कळवा.