मायावी अरण्याची वेस

मुलांना भुताखेतांच्या आणि जादूच्या जंगलाच्या गोष्टी सांगाव्या कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळ पालक आम्हां शिक्षकांस विचारतात. कांहींचें मत असें कीं, विज्ञानाच्या या युगांत असल्या गोष्टी म्हणजे निव्वळ असत्य. त्या मुलांच्या कानांवरहि पडूं नयेत. दुसऱ्या कित्येकांस वाटतें कीं, वाडवडिलांनीं सांगितलें तें अक्षरशः खरें. त्यावर शंका घेणें हेंच पाप. माझ्या अल्प मतीप्रमाणें या दोन्ही पक्षांस एका गोष्टीचा विसर पडतो. स्वप्न आणि जागृति यांच्या मध्यें एक वेस असते. पहिला पक्ष वेशीपलीकडचें सारें अरण्य जाळावयास निघतो. दुसरा वेसच पाडून टाकतो.

असें मायावी अरण्य पाहण्यास आपणां खानदेशवासीयांस दूर जावें लागत नाहीं. अमळनेराहून चोपड्याच्या वाटेनें तापी ओलांडली कीं सातपुड्याची निळी रांग जवळ येऊं लागते. याच रांगेंत पश्चिमेकडे, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगांव तालुक्यांत, अस्तंबा नांवाचें तेराशें मीटरांहून उंच शिखर आहे. महाभारतांतील अश्वत्थामा तेथें अद्याप भटकतो, कपाळावरील मणि काढून घेतल्यामुळें झालेल्या जखमेसाठीं तेल मागतो, आणि वाट चुकलेल्यास वाटहि दाखवितो, अशी लोकांची श्रद्धा आहे. दिवाळीच्या सुमारास हजारों यात्रेकरू तो डोंगर चढतात. आतां या कथेंतून मुलाच्या मनास काय मिळतें तें पाहा. झोंपलेल्या द्रौपदीपुत्रांचा रात्रीं वध करणाऱ्यास मरणाची सुटकाहि मिळूं नये, हा केवढा दंड! आणि त्याच अपराध्याची वेदना ऐकून त्यास थेंबभर तेल द्यावेंसें वाटणें, ही केवढी करुणा! न्याय व दया यांची अशी सांगड घालणारी गोष्ट, ती इतिहास नव्हे एवढ्याच कारणानें मुलांपासून हिरावून घेणें शहाणपणाचें नाहीं.

मग चकव्याचें काय? रानांत चकवा लागला म्हणजे माणूस रात्रभर चालतो आणि पहांटे पुन्हां त्याच झाडाखालीं येतो, हें आपल्याकडे पोराबाळांनाहि ठाऊक आहे. तें सांगणारे आजोबा खोटें बोलत नव्हते. २००९ सालीं यान सौमन व त्यांचे सहकारी यांनीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. जर्मनींतील एका विस्तीर्ण अरण्यांत त्यांनीं कांहीं जणांस कित्येक तास सरळ चालण्यास सांगितलें. ज्यांना सूर्य दिसत होता ते जवळजवळ सरळ गेले. ज्यांच्या वेळीं आभाळ झांकोळलेलें होतें ते मात्र गोल फिरून, नकळत, आपल्याच वाटेवर पुन्हां आले. डोळ्यांपुढें खूण नसली म्हणजे सरळपणाची आपली जाणीव थोडी थोडी ढळते आणि पावलें वांकडीं पडत जातात. तेव्हां आजोबांचा अनुभव खरा होता. त्याला दिलेलें नांव तेवढें कल्पनेचें होतें. रानांत भुतास भिऊन धांवत सुटण्यापेक्षां तारा, नदी किंवा डोंगराचें टोंक धरून चालावें, हा त्यांतील बोध.

सातपुड्यानें याहूनहि अद्भुत गोष्ट जगास दाखविली आहे. रानपिंगळा नांवाच्या लहानशा घुबडाचें वर्णन १८७३ सालीं प्रथम शास्त्रीय ग्रंथांत आलें. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा पत्ता लागेना, आणि ही जात पृथ्वीवरून नाहींशी झाली असें पुष्कळांनीं मानलें. १९१४ सालीं आपणांस गुजरातेंत एक रानपिंगळा मिळाला, असें रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज संग्राहकानें सांगून ठेवलें होतें. पुढें अमेरिकेंतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनीं त्याचा संग्रह तपासला, तेव्हां तो नमुना दुसऱ्यानेंच पूर्वीं मिळविलेला, संग्रहालयांतून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचें उघड झालें. शिकल्यासवरल्या मनुष्यानें घातलेला हा चकवाच! ती खोटी खूण बाजूस सारून, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानें रासमुसेनबाई व त्यांचे दोन सोबती निघाले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें, शहाद्यानजीकच्या रानांत, भर दिवसां, झाडावर बसलेला तो पक्षी त्यांच्या दृष्टीस पडला. ११३ वर्षें जो केवळ स्वप्नांत होता तो जागेपणीं सांपडला. ऐकलें तें सारें खरें मानणारास तो सांपडला नसता. आणि 'तसलें आतां कांहीं उरलें नाहीं' असें म्हणून घरीं बसणारासहि सांपडला नसता.

परंतु वेस पाडून टाकली म्हणजे काय होतें, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. याच डोंगराळ मुलखांत कोणाचें मूल आजारी पडलें किंवा कोणाचें गुरूं मेलें असतां, एखाद्या निराधार बाईस 'डाकीण' ठरवून मारहाण केल्याचे व गांवाबाहेर घालविल्याचे प्रसंग घडलेले आहेत. जादूटोण्याच्या नांवाखालीं होणाऱ्या छळास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें २०१३ सालीं केला, तो उगाच नव्हे. आणि सपाटीवरील सुशिक्षितांनीं यावरून डोंगरांतील लोकांस हंसण्याचें कारण नाहीं. घरांत कांहीं विपरीत घडलें कीं नव्या सुनेस 'पांढऱ्या पायाची' म्हणणारीं माणसें आपल्या आळींतहि सांपडतील. अरण्यांतील भूत अरण्यांत असतें तोंवर ती गोष्ट. तें शेजारणीच्या अंगाला चिकटविलें कीं तो अपराध, मग तो करणारा कितीहि शिकलेला असो.

विद्यार्थिमित्रहो, म्हणून कोणतीहि अद्भुत गोष्ट मनसोक्त ऐका, आणि ऐकून झाल्यावर मनाशीं दोन प्रश्न करा. ही खरी आहे काय, व कशावरून? आणि ही ऐकून माझें मन कोणाविषयीं मऊ झालें, कीं कोणाविषयीं कठोर झालें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर 'नाहीं' असें आलें तरी गोष्ट जपून ठेवण्यास हरकत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर 'कठोर' असें आलें, तर ती कोणीहि सांगितलेली असो, पुढें कोणास सांगूं नका.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे. रात्रीं मुलांस गोष्ट अवश्य सांगा. परंतु सकाळीं त्यांनीं शंका काढली तर त्यांस दटावूं नका. उत्तर ठाऊक असेल तर द्या. नसेल तर मुलांसह तें शोधावयास लागा. आणि शक्य झाल्यास सुटींत एकदां त्यांना सातपुड्याच्या रानांत घेऊन जा. तेथील झाडें, पाखरें आणि काळोख यांची ओळख आपल्या डोळ्यांनीं करून घेतलेल्या मुलास कोणत्याहि बाईच्या पाठीमागें डाकीण दिसणार नाहीं.