दुखणे थांबले, पण हाडांचे काय?

माझी मावशी आमवाताने जखडलेली. सकाळी बोटे मिटत नसत, पोळी लाटणे तर दूरच. कुणीतरी एका गावचा पत्ता दिला आणि तिथून बिननावाच्या पुड्या येऊ लागल्या. आठवड्याभरात मावशी हिंडू-फिरू लागली. आम्हा सगळ्यांना तो चमत्कारच वाटला. दोन वर्षांनी पाण्याची बादली उचलताना तिच्या पाठीत कळ आली. एक्स-रे काढला, तर एक मणका दबून चपटा झालेला. त्या पुड्यांत स्टेरॉइड असावे, असे डॉक्टर म्हणाले.

हा चमत्कार जुनाच आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने पंगू झालेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे या औषधाचे दुष्परिणामही दिसू लागले. हाडांची झीज हा त्यांतलाच एक.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. त्यातले जुने झिजते, नवे भरते. स्टेरॉइड नवे हाड घडवणाऱ्या पेशींना थोपवते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषले जाण्यातही अडथळा आणते. सर्वांत वेगाने झीज होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, म्हणजे रुग्ण 'आता बरं वाटतंय' म्हणत असतो नेमकी तेव्हाच!

म्हणून स्टेरॉइडला खलनायक ठरवावे काय? मला तसे वाटत नाही. आवरात न आलेला आमवातही हाडे पोखरतोच. योग्य हातात, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस दिलेले हे औषध वरदानच आहे. माझी तक्रार आहे ती मौनाची. पुडी देणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही आणि रीतसर दवाखान्यातही घाईत हा विषय राहून जातो.

तेव्हा औषधाचे नाव विचारा. नाव न सांगणाऱ्याचे औषध घेऊ नका. प्रेडनिसोलोनची गोळी रोज अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक, तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल, तर हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास हाडे राखणारे औषध यांविषयी सुरुवातीलाच बोला. मात्र हे वाचून चालू गोळी एकाएकी बंद करू नका. शरीराची स्वतःचे स्टेरॉइड बनवण्याची सवय मोडलेली असते. अचानक थांबणे जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू उतरवायची.

मावशी आता पट्टा बांधून बसते. "दुखणं थांबलं तेव्हा विचारायचं सुचलंच नाही रे," म्हणते. सुचायला हवे होते ते आम्हा धडधाकट माणसांना.