आमिष, दिवे आणि ‘लाल सैतान’

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर बाहा कॅलिफोर्नियाचे लांबलचक द्वीपकल्प आहे. ते आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आखातात हंबोल्ट म्हाकूळ रात्री वर येतो. तिथले मच्छीमार त्याला ‘दियाब्लो रोहो’, म्हणजे लाल सैतान म्हणतात. हे नाव त्यांनी त्याला होडीच्या काठावरून पाहून दिले. गळ अंगात रुतलेला, अंधारातून खेचून वर काढलेला हा प्राणी क्षणात लालभडक, क्षणात पांढरा पडतो, शाई आणि पाण्याची चिळकांडी मारतो, हाताला लागेल ते चोचीत धरू पाहतो. मरणाच्या दारात कोणताही प्राणी असाच वागेल. दूरचित्रवाणीने मात्र याच रूपाला त्याचा स्वभाव ठरवले आणि रात्री स्कूबा लावून त्याच्या थव्यात उतरणे म्हणजे नरभक्षकांच्या टोळीत शिरणे, अशी समजूत जगभर पोहोचवली. ही समजूत खोटी आहे आणि ती पसरवणाऱ्यांनी एका विलक्षण जिवावर अन्याय केला आहे.

प्राणी दांडगा आहे, यात वाद नाही. पूर्ण वाढलेल्याचे नुसते धड सव्वा मीटरच्या घरात जाते, वजन 50 किलोपर्यंत भरते. शोषकांच्या कडांना दातेरी कडी असतात, चोच पोपटासारखी बाकदार आणि धारदार. एवढी वाढ तो वर्ष-दोन वर्षांच्या आयुष्यात करतो, म्हणजे त्याला सतत खावेच लागते. पण खातो काय? आखातातल्या म्हाकुळांची पोटे शास्त्रज्ञांनी उघडून पाहिली, तेव्हा त्यांत मुख्यतः बोटाएवढे कंदील मासे निघाले. दिवसा शेकडो मीटर खोल, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या थरात राहायचे आणि अंधार पडला की कंदील माशांच्या मागे वर यायचे, हा त्याचा दिनक्रम. माणसे खाल्ल्याच्या कहाण्या बंदरांवर पुष्कळ ऐकू येतात, पण त्यांच्यामागे पुरावा उभा राहत नाही.

मग पाणबुड्यांवर झडप घालणारे म्हाकूळ कॅमेऱ्यात आले कुठून? चित्रीकरण कसे होते ते पाहावे. बोटीवर प्रखर दिवे लावायचे. त्या उजेडात छोटे मासे जमतात, त्यांच्यामागे म्हाकूळ येतात. मग गळ टाकून एकेक म्हाकूळ ओढायचा. गळाला अडकलेल्या, धडपडणाऱ्या भाईबंदाचे लचके तोडायला बाकीचे धावतात, कारण स्वजातीयाला खाणे या जातीत नेहमीचेच. आणि नेमक्या त्या झुंबडीत, चकाकणारी उपकरणे अंगावर बांधलेला माणूस सोडायचा. काही जण तर साखळीचे चिलखत घालून उतरले. हात, जाकीट, टॉर्च ओढले गेले की ‘हल्ला’ झाला. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटात हात घालून कुत्रा पिसाळल्याची ओरड करावी, तसे हे झाले.

ऱ्होड आयलंड विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ ब्रॅड सायबेल 2007 मध्ये याच आखातात रात्री उतरले, तेही ऐकीव गोष्टींची धास्ती घेऊनच. टॉर्चच्या झोतात त्यांना दूरवर नुसत्या सावल्या दिसल्या. धीर करून त्यांनी टॉर्च बंद केली. सुमारे अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावली तेव्हा चारी बाजूंना म्हाकूळच म्हाकूळ, कित्येक तर पाच-सहा फुटांवर. आणि उजेड पडताच ते सगळे दूर पळाले. आक्रमकतेची अपेक्षा ठेवून गेलेल्या शास्त्रज्ञाला बुजरा प्राणी भेटला. स्टॅनफर्डच्या हॉपकिन्स सागरी केंद्रातील विल्यम गिली यांनीही वर्षानुवर्षे या म्हाकुळांचा माग काढला आहे आणि कुतूहल हा त्यांच्या वागण्यातला मोठा भाग असल्याचे तेही सांगत आले आहेत. 2009 च्या जुलैत सॅन डिएगोच्या किनाऱ्याजवळ मोठ्या संख्येने हे म्हाकूळ आले, तेव्हा काही पाणबुड्यांच्या मुखवट्यांवरून भुजा फिरल्या, कॅमेरे ओढले गेले. बातम्यांचे मथळे भयंकर होते. जिवाला मात्र कुणाच्या धक्का लागला नाही.

ही डुबकी निर्धोक आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण तिचा खरा धोका वेगळा आहे. खाली तळ नसतो, शेकडो मीटर काळे पाणी असते. वर-खाली कळायला डोळ्यांना आधार नसतो. उत्सुकतेनेही तीस-चाळीस किलोच्या प्राण्याने हिसका दिला तर माणूस भराभर खाली जातो, कानांचे पडदे दुखावतात, हवेचा हिशेब चुकतो. म्हणून बोटीला बांधलेला दोर, वर लक्ष ठेवणारा माणूस आणि खोलीची ठरलेली मर्यादा लागते. चिलखतापेक्षा हा दोर जास्त जीव वाचवील.

या सगळ्या गोंगाटात जे पाहायचे ते राहून जाते, याचे आम्हाला जास्त दुःख आहे. म्हाकुळाच्या कातडीत रंगाच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. त्या उघडझाप करतात तसे अंगावरून लाल आणि पांढऱ्याच्या लाटा धावतात. गिली यांच्या चमूने नॅशनल जिओग्राफिकचे छोटे कॅमेरे थेट म्हाकुळांच्या अंगावर चढवले, तेव्हा दुसरा म्हाकूळ जवळ आला की हे लुकलुकणे होते, असे दिसले. 2020 मध्ये बेंजामिन बर्फर्ड आणि ब्रूस रॉबिसन यांनी माँटेरे उपसागराच्या संशोधन संस्थेच्या खोल पाण्यातल्या चित्रफिती तपासून त्यापुढची गोष्ट मांडली. या जातीच्या स्नायूंमध्ये प्रकाश देणारे ठिपके विखुरलेले आहेत. त्यामुळे सारे अंग आतून मंद उजळू शकते आणि त्यावर कातडीचे पट्टे-डाग उठून दिसतात. काळ्याकुट्ट पाण्यात, वेगाने शिकार करणाऱ्या थव्यात एकमेकांवर न आदळता वावरायला हे संकेत उपयोगी पडत असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे तो अंधार त्यांच्या संभाषणाचा आहे. हजारो वॅटचे दिवे घेऊन आपण त्यात उतरतो, संभाषण थांबते आणि मग आपण त्यांना क्रूर म्हणतो.

आणि ज्या आखाताने हे भय जगाला दिले, तिथे तो राक्षस आता जवळजवळ उरलेलाच नाही. आखाताकाठचे सांता रोसालिया हे तांब्याच्या खाणीवर उभे राहिलेले गाव पुढे म्हाकुळांवर जगले. रात्री छोट्या होड्या, हाताची दोरी आणि गळ, एवढ्यावर शेकडो घरे चालत. 2009-10 च्या एल निनोनंतर पाणी बदलले आणि पूर्ण वाढीचे म्हाकूळ वीत-दीड वीत लांबीचेच मिळू लागले. 2015 च्या आसपास तिथली मासेमारी कोलमडली. भयपटांची मागणी टिकून राहिली, त्या होड्यांचे पुढे काय झाले हे कुणी फारसे विचारले नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे परके वाटायला नको. याच म्हाकुळाच्या कुळातली मोठी जात अरबी समुद्रात राहते आणि अरबी समुद्राच्या पोटातही, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या थरांपैकी एक आहे. लक्षद्वीपच्या बाजूला या जातीचा अभ्यास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने केला आहे. प्रखर दिव्याने समुद्रातले जीव कसे एका जागी गोळा होतात, हे तर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या पारंपरिक मच्छीमारांना कुणी सांगायला नको. एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि तरीही ती पुरती थांबावी म्हणून त्यांना झगडत राहावे लागले.

स्कूबा आता मराठी घरांत शिरला आहे. तारकर्ली, लक्षद्वीप, अंदमान इथे शिकलेली तरुण मुले-मुली उद्या रात्री पाण्यात उतरतील, काही मेक्सिकोपर्यंतही जातील. त्यांना आमची विनंती आहे : बोट ठरवण्यापूर्वी पाण्यात आमिष टाकणार का, जवळ गळ लावणार का, हे स्पष्ट विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर त्या बोटीवर पाय ठेवू नका. बहुतेक म्हाकुळांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही, तेव्हा मंद लाल दिवा मागा आणि थोडा वेळ तोही विझवून थांबा.