विषारी सिरप : खबर वेळेत पोहोचली असती तर...

साध्या सर्दी-खोकल्यासाठी मेडिकलमधून आणलेली बाटली. औषध पाजलं आणि काही दिवसांत मुलाची लघवीच बंद झाली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात एकामागून एक घरांत हेच घडले. २० हून अधिक चिमुकल्यांचा जीव गेला. त्यातल्या अनेकांना आई-वडिलांनी उपचारासाठी धावपळ करत नागपूरला आणले होते.

दोष कंपनीचा, हे उघडच आहे. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्के. हे कारखान्यांत वापरले जाणारे रसायन थेट किडनीवर घाव घालते.

पण आपण आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. पहिले मृत्यू सप्टेंबरच्या सुरुवातीचे. मध्य प्रदेशाने तमिळनाडूला कळवले १ ऑक्टोबरला. तिथल्या औषध विभागाने लगेच कारखान्यातून नमुने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी अहवाल हातात आला. मध्य प्रदेशात बंदी आली ४ ऑक्टोबरला, महाराष्ट्राच्या एफडीएने इशारा दिला ५ ऑक्टोबरला. म्हणजे तपासणी एका दिवसात होऊ शकत होती. महिना गेला तो खबर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात.

गावातल्या डॉक्टरला ताप दिसत होता. नागपूरच्या डॉक्टरांना निकामी झालेल्या किडन्या दिसत होत्या. औषध कुठून आले, हे दुकानदाराच्या बिलात होते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, ते जोडणारा कुणी नव्हता. रुग्णाची सुरक्षितता एकट्या डॉक्टरच्या हुशारीवर टिकत नाही. दवाखाना, मेडिकल, प्रयोगशाळा आणि दोन राज्यांची खाती एकमेकांशी बोलली, तरच ती टिकते.

आपल्याला हे नवीन नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. जवळपास चाळीस वर्षांनीही आपण तिथेच आहोत.

मग करायचे काय? सरकारकडे आपली मागणी साधी असावी. एकाच भागातल्या मुलांच्या किडन्या अचानक निकामी होऊ लागल्या, तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने त्याच दिवशी कळवणे बंधनकारक हवे. ती माहिती शेजारच्या राज्यालाही तत्काळ मिळाली पाहिजे.

आणि घरात? आपल्या मोहल्ल्यात डॉक्टरची फी वाचवायची म्हणून मेडिकलवाल्यालाच विचारून सिरप आणायची सवय आहे. ती सोडूया. सर्दीच्या काही मिश्र औषधांवर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असा इशारा असतो, तो वाचूया. बिल घ्या, बाटली फेकू नका. औषधानंतर उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर बाटली घेऊनच दवाखाना गाठा. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कुणालाही करता येते.

त्या साखळीची पहिली कडी आपणच आहोत. आपण वेळेत बोललो, तर शेजारच्या घरातलं लेकरू वाचू शकतं.