पाणी उकळले, पण शिशाचे काय?

“डॉक्टर, आम्ही पाणी गाळून, उकळूनच पितो.” लहान मुलांचे आईवडील हे वाक्य मोठ्या विश्वासाने सांगतात. सवय उत्तम आहे, ती सोडू नका. टायफॉइड, कावीळ, कॉलरा यांचे जंतू उकळल्याने मरतात. पण शिसे हा जंतू नाही, धातू आहे. तो मरत नाही आणि वाफेबरोबर उडूनही जात नाही. उलट पाणी आटते तसे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. तुरटी, क्लोरीनचे थेंब किंवा यूव्हीचा दिवा यांचाही त्याच्यावर उपयोग नाही. शिवाय पाण्यातल्या शिशाला रंग, वास, चव काहीच नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की पाणी पिण्यायोग्य आहे की नाही, याचा निकाल फक्त शुद्धीकरण केंद्रात लावून चालणार नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली लागला पाहिजे.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचे उदाहरण बघा. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी या शहराने पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालायला हवे होते, ते घातले नाही. जुन्या शिशाच्या पाइपांच्या आतला संरक्षक थर निघू लागला आणि शिसे थेट पाण्यात उतरले. या पाण्याने सुटे भाग गंजतात म्हणून तिथल्या मोटार इंजिनांच्या कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पाणी बंद केले. मुले मात्र आणखी वर्षभर तेच पाणी पीत राहिली. २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्ततपासण्यांचे आकडे लोकांसमोर मांडले, तेव्हा कुठे सरकार हलले.

“पण आपल्याकडे शिशाचे पाइप कुठे आहेत?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत लोखंडी जीआय किंवा पीव्हीसी पाइप असतात. पण पीव्हीसी उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात वर्षानुवर्षे शिशाची संयुगे मिसळली जात होती. पितळी नळांत आणि जुन्या डागकामातही शिसे असते. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाबद्दल केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, हे चांगलेच झाले. मात्र त्याआधी भिंतीत गाडलेले पाइप तिथेच आहेत.

घाबरवण्याचा हेतू नाही. आपल्या देशात रंग, भेसळीची हळद, जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, कल्हईतली भेसळ हेही शिशाचे मोठे मार्ग आहेत. पण पाणी रोज पोटात जाते, आणि बाळाच्या दुधाची पावडरही त्यातच कालवली जाते.

मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या आतड्यांतून शिसे चार-पाच पट जास्त शोषले जाऊ शकते. शरीरात ते कॅल्शियमची जागा घेते, हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणात आईच्या हाडांतून सुटून गर्भापर्यंत पोहोचते. मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून येत नाही. लक्ष लागत नाही, अभ्यासात मागे पडतो, चिडचिड करतो, एवढेच घरच्यांना दिसते आणि बोल मात्र मुलाला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातले शिशाचे कोणतेच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. शरीरात लोह कमी असेल तर शिसे अधिक शोषले जाते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार ५ वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, हे इथे विसरू नका.

मग काय करायचे?

१. रात्रभर पाइपात साठलेले पहिले पाणी पिऊ नका. ते बादलीत धरा, फरशी पुसायला वापरा.

२. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी गीझरचे गरम पाणी घेऊ नका. गरम पाण्यात शिसे जास्त विरघळते.

३. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा शिशाची चाचणी करा. सकाळच्या पहिल्या पाण्याचा नमुना द्या. भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे.

४. पाइप किंवा नळ बदलताना प्लंबरवर सोडून देऊ नका. ‘शिसेविरहित’ मालच मागा.

५. मुलांच्या जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असू द्या. नाचणी, पालेभाज्या, कडधान्ये, दूध हवेच.

मुलगा-सून शिकागोत असतील तर त्यांनाही विचारा. तिथे १९८६ पर्यंत घराच्या जोडणीला शिशाचाच पाइप लावायचा नियम होता.

आरओ यंत्र शिसे काढते, हे खरे. पण ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने यंत्र घ्यावे आणि बाकीच्यांनी नशिबावर सोडावे, याला सार्वजनिक आरोग्य म्हणत नाहीत. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंच्या मुलाचा मेंदूही तेवढाच मोलाचा आहे. शाळा, अंगणवाड्या आणि वस्त्यांतल्या नळांवर शिशाची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत, ही मागणी आपण नगरसेवकांकडे केली पाहिजे. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगआधी हा विषय घ्या.