डोळ्यांच्या उड्या

दिवाळीत नातू पुण्याहून देगलूरला आला आणि त्याने तो व्हीआरचा चष्मा माझ्या डोक्याला बांधला. चष्मा कसला, घोड्याची झापडंच! "आबा, तुम्ही कुठं बघताय ते याला आतून कळतंय," म्हणाला.

आपली नजर ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जाते. सेकंदाला तीन-चार. फ्रान्सच्या एमिल जावाल या डॉक्टरांच्या १८७९ च्या सुमाराच्या लेखनापासून हे सांगितलं जातं. उडी चालू असताना आपल्याला जवळपास काही दिसत नाही. खोटं वाटत असेल तर आरशात आपल्या एका डोळ्यावरून दुसऱ्याकडे बघा, डोळे हलताना दिसणार नाहीत. शेजारच्याला मात्र दिसतील!

चष्म्यातले कॅमेरे ही उडी वेगावरून ओळखतात. बुबुळ सेकंदाला साधारण तीस अंशांहून जोरात फिरलं की उडी, नाहीतर थांबा. पण वाचतानाची उडी तीसेक मिलिसेकंदांत संपते. कॅमेरा सेकंदाला १२० वेळा बघत असला तरी हाती तीन-चारच नोंदी. शिवाय मान वळवताना नजर एका जागी धरून ठेवायला बुबुळ उलटं फिरतं. यंत्राला तीही उडीच वाटू शकते.

नातू म्हणतो, उद्या वर्गात कुणाचं लक्ष नाही ते सरांना यावरून कळेल. मला हे पटत नाही. चांगला वाचणारासुद्धा दहातल्या एखाद्या उडीला मागे जातो. मुंबईच्या आयआयटीत अभिजित मिश्रा, पुष्पक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वाचणाऱ्यांच्या नजरेच्या नोंदी उपरोध ओळखायला वापरल्या. उपरोधाशी नजर अडखळते, मागे येते. म्हणजे अर्थ लागत असतो तेव्हाच! वाचनात अडणाऱ्या पोराला मदत म्हणून हे यंत्र जरूर आणा, पण हजेरीच्या वहीसारखं नको.

हे मी अनुभवाने सांगतोय. पाचवीच्या वर्गात एक मुलगा वाचताना सारखा मागच्या शब्दावर यायचा. मला तो चाळा वाटे. मी मागचे शब्द पट्टीने झाकायचो, आणि दोनदा तीच पट्टी त्याच्या हातावर बसली. पुढे त्याने उभं राहून वाचणंच सोडलं.

आता तो पन्नाशीला आलाय. बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत राहतो.